गेटवर पिण्याचं पाणी आणि ओआरएस काढून घेतल्याबद्दल तक्रार

प्रति,
महाव्यवस्थापक (कामकाज),
थीम व वॉटर पार्क

तुमच्या ग्राहक सेवेशी आजचं बोलणं संपलं आणि हे पत्र लिहायला घेतलं. यापुढे मी त्या नंबरवर फोन करणार नाही. मला लेखी उत्तर हवं आहे. बुकिंग क्रमांक ईमेलच्या विषयात दिला आहे. पार्क कसा चालतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

मे महिन्यातल्या रविवारी तुमच्या गेटवर आमच्या कुटुंबाच्या पाण्याने भरलेल्या स्टीलच्या बाटल्या आणि ओआरएसची बंद पाकिटं काढून घेतली. कुटुंबात रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या आजी होत्या आणि आठ वर्षांचा मुलगा होता. आत पिण्याच्या पाण्याची धड सोय नव्हती. दुपारी दीडच्या सुमारास तो मुलगा मोठ्या स्लाइडच्या रांगेत चक्कर येऊन खाली बसला. तो आता बरा आहे, पण ते तुमच्यामुळे नाही.

आता आजचा फोन. मी विचारलं, पिण्याचं पाणी आत न्यायचं नाही हा नियम का? उत्तर आलं, "सर, बाहेरचे खाद्यपदार्थ अलाऊड नाहीत." पाणी खाद्यपदार्थ आहे का? "सर, बाहेरचं काहीच अलाऊड नाही." बरं, ओआरएस तर औषध आहे. "सर, औषधाला प्रिस्क्रिप्शन दाखवावं लागतं." ओआरएस कुठल्याही मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतं, अंगणवाडीत मिळतं, आशाताई घरी आणून देतात. हे सांगितल्यावर मला होल्डवर ठेवलं आणि तुमच्या जाहिरातीची धून ऐकवली. मग सुपरवायझर आले. त्यांचं वाक्य जसंच्या तसं देतो: "सर, वॉटर पार्क आहे ना, पाणी तर सगळीकडेच आहे." मी म्हटलं, मुलाला चक्कर आली होती. त्यावर ते म्हणाले, "सकाळी नीट नाश्ता दिला होता का त्याला?" मी गप्प झालो, तर त्यांनी समोरचा कागद वाचल्यासारखं "तुमचा उन्हाळा थंडगार जावो" म्हणून फोन ठेवला.

पोराच्या आईला विचारल्यासारखा विचारलेला तो प्रश्न मी विसरणार नाही. पाणी तुम्ही काढून घ्यायचं आणि दोष घरच्या नाश्त्याला द्यायचा, हे कुठल्या प्रशिक्षणात शिकवता?

वॉटर पार्कमध्ये पाणी सगळीकडे असतं, पण ते क्लोरीनचं असतं, प्यायचं नसतं. मी टीटीसी (ठाणे-बेलापूर) औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यात सुरक्षेचं काम करतो. उष्णतेचा त्रास कसा सुरू होतो हे मला माहीत आहे आणि तुम्हालाही माहीत असायला हवं. पाण्यात खेळणाऱ्या मुलालाही घाम येतो, फक्त तो दिसत नाही. अंग ओलं असल्यामुळे तहान उशिरा जाणवते. शिवाय तुमच्याकडे दिवसाचा मोठा भाग पाण्यात जातच नाही, जिन्यावर आणि रांगेत जातो. सुती कपड्यांना तुमची बंदी आहे. धागे फिल्टरमध्ये अडकतात, त्यामुळे ती मला मान्य आहे. पण मग पूर्ण बाह्यांच्या नायलॉनच्या कॉस्च्यूममध्ये घाम शोषला जात नाही, तो अंगातच कोंडतो, आणि त्याच अवस्थेत माणूस तापलेल्या पत्र्याखाली उभा राहतो. चपला बाहेर काढायला लावता, त्यामुळे पायाला चटके बसतात आणि लोक गडद फरशीवरून पळत रांगेत येतात. वयस्कर माणूस लघवीचं प्रमाण वाढवणारी रक्तदाबाची गोळी घेत असेल, तर त्याच्या शरीरातलं पाणी आणि मीठ आणखी लवकर कमी होतं. हे सगळं तुमच्याच नियमांनी आणि तुमच्याच बांधकामाने घडतं. त्यावरचा सगळ्यात साधा उपाय घरून आणलेली बाटली, आणि नेमकी तीच तुम्ही गेटवरच्या क्रेटमध्ये टाकता.

आतल्या पाण्याबद्दल. कॅफेटेरियामागे चार नळ आहेत. त्यातला एक चालू होता आणि त्याची धार बोटाएवढीही नव्हती. वर गच्चीवर काळी टाकी उन्हात, तिथून येणारी लोखंडी पाइपलाइन भिंतीवर उघडी. दुपारी त्या नळाचं पाणी हाताला गरम लागतं. लहान मूल एक घोट घेतं आणि ग्लास ठेवून देतं. हिशोब करून बघा. आत तीन हजार माणसं आहेत आणि तासाला माणशी पाव लिटर धरलं, तर तासाला 750 लिटर पिण्याचं पाणी लागतं. तासाला 150 लिटर गार करणारे किमान पाच कूलर हवेत, आणि तेही एका कोपऱ्यात नकोत, प्रत्येक मोठ्या राइडजवळ हवेत. टाकीवर शेड आणि पाइपला इन्सुलेशन, एवढा खर्च तुम्हाला जड नाही. 1948 च्या कारखाने कायद्याने अडीचशेहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यात उन्हाळ्यात थंड पिण्याच्या पाण्याची सोय सक्तीची केली. तिकीट काढून आलेल्या मुलांना तेवढंही मिळू नये?

रांगेतले फॉगर पंखे बंद करा असं मी म्हणत नाही, पण त्यांच्यावर विसंबू नका. नागपूरच्या कोरड्या हवेत तुषार उडतात आणि गारवा येतो. आपल्याकडे मे महिन्यात हवा आधीच दमट असते, तुषारांची वाफ होत नाही आणि लोक फक्त भिजतात. इथे मोठे वेगवान पंखे, बाजूने मोकळी हवा, पत्र्याखाली इन्सुलेशन आणि वरून पांढरा परावर्तक रंग लागतो. दुपारी 12 ते 3 रांग उभीच करू नका. टोकन द्या, वेळ सांगा, लोक सावलीत बसतील. स्लाइडच्या माथ्यावर उभ्या असलेल्या तुमच्या कामावरच्या पोरांचाही विचार करा. ती अर्ध्या अर्ध्या तासाने सावलीत आली पाहिजेत. ती गळून गेली तर मुलांवर लक्ष कोण ठेवणार?

आता प्रथमोपचार खोली. तिथल्या माणसाने तत्परता दाखवली, त्याच्याबद्दल राग नाही. पण त्याने ओआरएसचं अख्खं पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतलं आणि म्हणाला, "स्ट्राँग होईल, लवकर बरं वाटेल." 20.5 ग्रॅमचं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं आणि ते पाकिटावर छापलेलं असतं. एक लिटरमध्ये त्या द्रावणाची ऑस्मोलॅरिटी, म्हणजे विरघळलेल्या क्षार-साखरेचं प्रमाण, 245 होते. अर्ध्या लिटरमध्ये ती 490 होते, म्हणजे रक्तापेक्षा कितीतरी जास्त. असं पाणी शरीराला पाणी देण्याऐवजी आतड्यात ओढून घेतं, रक्तातलं सोडियम वाढवतं, उलटी होऊ शकते. आमची पाकिटं आणि बाटल्या जवळ असत्या, तर ही वेळ आली नसती. खोलीत बर्फ नव्हता. थर्मामीटर होता, त्याचा सेल संपलेला. मूल असंबद्ध बोलायला लागलं किंवा शुद्ध हरपू लागली, तर तोंडाने काहीही द्यायचं नाही. कपडे सैल करायचे, अंग ओलं करून जोराचा वारा द्यायचा, मानेला, काखेत, जांघेत बर्फ ठेवायचा आणि लगेच 108 ला फोन करायचा. अंग आधी गार करायला घ्यायचं, गाडीची वाट बघत बसायचं नाही. हे तुमच्या किती कर्मचाऱ्यांना येतं?

"उन्हाळा आहे म्हटल्यावर ऊन असणारच," हेही मला ऐकवण्यात आलं. नवी मुंबईत बसून हे बोलू नये. 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात उष्माघाताने 14 माणसं गेली. जवळच्या नोंदीत पारा 38 च्या आसपास होता. किनारपट्टीवर 37 अंश गाठून सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त झालं की हवामान खातं उष्णतेची लाट मानतं, कारण दमट हवेत घाम वाळत नाही. मोकळ्या जागेत उन्हात माणसं ताटकळली आणि पाणी कमी पडलं की काय होतं, हे या भागाने बघितलेलं आहे.

मला तिकिटाचे पैसे नकोत. साधं पाणी आणि बंद ओआरएस आत नेता येईल हा नियम लेखी बदला. बुकिंगच्या पानावर आणि गेटवर मराठीत लिहा, आणि सुरक्षारक्षकांना तो बदल सांगा, नाहीतर कागदावर एक आणि गेटवर दुसरंच चालेल. कूलर, सावली, दुपारचं टोकन आणि प्रथमोपचार खोलीतलं सामान कधी होणार याच्या तारखा द्या. सुपरवायझरच्या त्या प्रश्नाबद्दल मुलाच्या आईची लेखी माफी मागा.

ठाण्या-नवी मुंबईतल्या शाळा सहली तुमच्याकडे आणतात, सोसायट्या बस भरून येतात. एवढी वर्षं लोकांनी तुमच्या नावावर विश्वास ठेवून मुलं तुमच्या ताब्यात दिली, आणि तुम्ही त्यांची बाटली काढून घेता. त्याचं फार वाईट वाटतं.

पंधरा दिवसांत समाधानकारक लेखी उत्तर आलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 नंबरवर तक्रार नोंदवून ठाणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात जाईन. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक राहतो तिथेच दावा करता येतो, आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. क्रेटमधल्या बाटल्यांचे, नळाचे आणि त्या थर्मामीटरचे फोटो जोडले आहेत. आजच्या कॉलचं रेकॉर्डिंग तुमच्याकडे असणार, ते पुसू नका.

एक ग्राहक
ऐरोली, नवी मुंबई