निळा म्हणजे ओसाड नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत समुद्रातल्या वनस्पती प्लवकांचा, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींचा, उपग्रहावरून काढलेला नकाशा छापलात, बरे वाटले. पण त्याखाली 'गडद निळा भाग ओसाड' असे लिहिले आहे. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली, त्यामुळे राहवले नाही.

उपग्रहाला दिसतो तो पाण्याचा वरवरचा रंग. अगदी नितळ समुद्रातही तो फार तर वरच्या चाळीस-पन्नास मीटरांतून येतो. प्लवकांची वस्ती मात्र तिथे शंभर-दीडशे मीटरपर्यंत उतरलेली असते. भर समुद्रात वर ऊन रग्गड, पण नायट्रेट, म्हणजे प्लवकांचे खत, जवळजवळ नाहीच. खाली नायट्रेट आहे, तर उजेड पृष्ठभागाच्या जेमतेम एक टक्का आणि तोही निळा; लाल उजेड पाण्याने वरच्या वरच गिळलेला. दोन्ही गोष्टी थोड्या थोड्या मिळतात तिथे, बरेचदा १०० मीटरच्या आसपास, हरितद्रव्याचा सर्वांत दाट पट्टा असतो. तुमच्या नकाशात तो येणारच नाही.

खाली राहणारे जीवही वेगळे. प्रोक्लोरोकॉकस या प्लवकाचेच घ्या. अमेरिकी शास्त्रज्ञ सॅली चिशोम आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये जगापुढे आणलेला हा जीव मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान. त्याचे उन्हातले वाण निराळे, अंधुक उजेडातले निराळे. खालच्या वाणात निळा उजेड टिपणारे 'ब' हरितद्रव्य तुलनेने जास्त. दिंडोरीला आमच्या द्राक्षबागेत मांडवाच्या आतली पाने गर्द असतात, तसेच हे. म्हणून दाट पट्टा दिसला की तिथे पीकही जास्त, असे धरू नये. बरेचदा एकेका पेशीतच हरितद्रव्य जास्त भरलेले असते. अरबी समुद्रात तर याहून खाली, प्राणवायू जवळपास संपलेल्या पाण्यातही प्रोक्लोरोकॉकसचा दुसरा पट्टा सापडला आहे.

बंगालचा उपसागर निळा दिसण्याचे कारण आपल्याकडूनच सुरू होते म्हणा ना. आपली गंगा, म्हणजे गोदावरी, तिथेच जाते. तिचे आणि तिच्याहून मोठ्या नद्यांचे गोडे पाणी हलके, ते वर पसरून राहते आणि खालचे खत वर येऊ देत नाही. वरून निळे दिसते ते म्हणून.

पुढच्या वेळी नकाशाखाली 'फक्त वरचा थर' एवढे तरी छापा. शेजारी खोलीचा एक उभा आलेख दिलात तर फारच छान. समुद्रात वरखाली फिरणारी बायो-आर्गो यंत्रे अशीच मापे घेतात आणि हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती केंद्राकडे ती असतात.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, नाशिकरोड