अडीचशे चौरस फुटांचे आभार

आदरणीय मॅडम,

तुमचं नाव मुद्दामच लिहीत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, हे तुमच्या हाताखाली काम केलेला आमच्या गावातला प्रत्येक मिस्त्री सांगेल. पण भूकंपानंतर आमचं घर उभं केलंत, त्याचे आभार मानायचे राहून गेलेत आणि ते सगळ्यांसमोर मानावेसे वाटतात.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून गावं झोपली होती. भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबादच्या त्या पट्ट्यात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, आमच्या घरातलीही. पुढे पत्र्याच्या शेडमधले दिवस आले. ते कसे काढले ते तुम्ही पाहिलंय, पुन्हा सांगत नाही.

५२ गावं नव्या जागी वसवायचं ठरलं, तेव्हा घराचं माप जमिनीवरून ठरलं. ज्याला शेत नाही किंवा एक हेक्टरपर्यंतच आहे त्याला २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्याच्या वर ७५०. आम्ही पहिल्या यादीत. घरात माणसं किती, हे त्या मापात कुठेच नव्हतं. मला तो नियम तेव्हाही पटला नाही, आजही पटत नाही. नियम बदलणं तुमच्या हातात नव्हतं. पण त्या अडीचशे फुटांत काय काय बसवता येतं, हे ठरवायला तुम्ही आमच्या आजीला आणि आईला बोलावलंत. आराखडा घेऊन आलेली बरीच माणसं आम्ही पाहिली होती. कोरा कागद घेऊन आलेल्या तुम्ही पहिल्या.

आजी म्हणाली, दार दक्षिणेला नको आणि ओसरीशिवाय घर नको. आई म्हणाली, वर्षाची ज्वारी कुठे ठेवू? तुम्ही आतली खोली थोडी आखडती घेतलीत, पुढे ओसरी काढलीत आणि न्हाणीवर माळा दिलात. अजूनही त्या माळ्यावर ज्वारीच असते.

दगडाची भीती तर सगळ्या गावालाच बसली होती. कुणी दगडी भिंतीच्या सावलीतही बसेना. तुम्ही आम्हाला पडलेल्या घरांपाशी नेऊन दाखवलंत. भिंती हातभराहून रुंद, पण आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, मधे नुसता मुरूम आणि खडे. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड कुठेच नाही. हादरा बसला तसे दोन्ही थर एकमेकांपासून सुटले. कित्येक घरांत लाकडी खांब जागच्या जागी उभे होते आणि भोवतीची भिंत जमिनीवर. मग तुम्ही माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, वजनाचा हिशोब मांडलात. वर्षानुवर्षं पावसाळ्याआधी पांढरी माती टाकत टाकत दोन फुटांचा थर झालेला. फूटभर लांब, फूटभर रुंद जागेवर तेवढी माती म्हणजे नव्वद किलोच्या आसपास. "दर फुटाला डोक्यावर ज्वारीचं एक पोतं," असं आजीच म्हणाली आणि त्यानंतर नव्या घराला माळवद हवं म्हणून तिने एकदाही हट्ट धरला नाही.

घर उभं राहताना तुम्ही एका गोष्टीत कुणाचंच ऐकलं नाहीत. जोत्याला, दारं-खिडक्यांच्या वर आणि छताखाली, असा तीन ठिकाणी काँक्रीटचा पट्टा चारही भिंतींवरून सलग फिरलाच पाहिजे. कोपऱ्यात उभा लोखंडी गज हवाच. खिडकी कोपऱ्याला खेटून नको. एका कोपऱ्यातल्या गजाचा आकडा मिस्त्रीने नीट वळवला नव्हता, म्हणून काँक्रीट ओतायचं काम तुम्ही थांबवलंत. मिस्त्री चिडले, दिवसाची मजुरी बुडाली. नंतर मात्र पंचक्रोशीत ते हेच सांगत फिरायचे.

आणि ती भिंत! मागच्या भिंतीत तुम्ही दाराएवढी जागा सोडलीत, वर लिंटल, म्हणजे आडवी तुळई, टाकून घेतलीत आणि खाली विटा मातीत रचून बुजवलीत. पट्ट्याचे गज बाहेर ठेवून त्यांना दुबळ्या सिमेंटचा लेप दिलात. शेजारीपाजारी विचारायचे, हे अर्धवट का ठेवलंय? भावाचं लग्न झालं तेव्हा उत्तर मिळालं. मिस्त्रीने लेप फोडला, आत गज गंज न चढलेला निघाला. विटा हातानेच काढल्या, दार झालं, पलीकडे खोली जोडली. मूळ भिंतीवर घणाचा घाव घालावा लागला नाही. गावात इतरांनी वाढीव खोल्यांसाठी भिंती फोडल्या, पट्टे तोडले, ते पाहून जीव खालीवर होतो. छोटं घर देताना ते पुढे वाढणार, हे बहुतेक आराखड्यांत धरलेलंच नसतं. तुम्ही ते धरलंत.

आता लोक वर मजला चढवायला लागलेत. मी जमेल त्याला थांबवून विचारते की खालच्या पायाला, भिंतीला तेवढा भार झेपेल का, इंजिनियरला दाखवलंय का. काही जण ऐकतात. तुमच्यासारखं काम थांबवायचा अधिकार मला नाही, पण विचारायची सवय तुमचीच लागली आहे.

आई अजून त्याच ओसरीत बसून निवडण-टिपण करते. तिने सांगितलंय, मॅडमना लिही की या, भाकरी खाऊन जा. मनापासून धन्यवाद, मॅडम. या एकदा.

तुमची,
अडीचशे फुटांच्या घरातली लेक