रे अ‍ॅलनची ती फेक नशिबाची नव्हती

महोदय,

अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या २०१३च्या अंतिम मालिकेतल्या सहाव्या सामन्यात रे अ‍ॅलनने मारलेल्या 'थ्री'चा (लांबच्या रेषेमागून केलेल्या तीन गुणांच्या बास्केटचा) विषय निघाला, की अजूनही 'चमत्कार' हाच शब्द वापरला जातो. ३७ वर्षांच्या त्या खेळाडूवर हा अन्याय आहे. चेंडू त्याच्यापर्यंत पोहोचण्यात नशिबाचा वाटा असेल; पुढचं काम त्याच्या पायांचं.

१८ जूनची रात्र, मायामी. त्याचा संघ मायामी हीट, समोर सॅन अँटोनियो स्पर्स. चार विजयांच्या मालिकेत स्पर्स ३-२ने पुढे. २८ सेकंद उरलेले, मायामी ५ गुणांनी मागे. करंडक समारंभासाठी मैदानाच्या कडेला पिवळे दोरही आले होते. मायामीच्या लेब्रॉन जेम्सने एक थ्री मारला, स्पर्सच्या कवाय लेनर्डने दोनपैकी एक फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारी मोकळी फेक) चुकवला, स्पर्स ९५-९२ने पुढे. जेम्सचा पुढचा थ्री हुकला. स्पर्सने उंचपुऱ्या टिम डंकनला बाकावर बसवलं होतं आणि रिबाउंड, म्हणजे हुकून परतलेला चेंडू, मायामीच्या ख्रिस बॉशने ओढला.

त्याच क्षणी अ‍ॅलन बास्केटजवळून उलट्या पावलांनी मैदानाच्या उजव्या कोपऱ्याकडे, कॉर्नरकडे निघाला. नजर चेंडूवरच. कॉर्नरमध्ये थ्रीची रेषा आणि साइडलाइन यांच्यात जेमतेम ३ फूट जागा असते. चवडा थ्रीच्या रेषेवर पडला तर दोनच गुण, म्हणजे एका गुणाची पिछाडी कायम. टाच मागच्या साइडलाइनला टेकली तर चेंडूच प्रतिस्पर्ध्यांकडे गेला. शिवाय मागे जाताना वजन टाचांवर असतं. तसंच उडालं, तर पायांतला जोर मागे जातो आणि फेक रिंगच्या अलीकडे पडते. अ‍ॅलनने आधी पाय रोवले, मग सरळ वर उडी घेतली. स्पर्सचा टोनी पार्कर हात उंचावून अंगावर आला होता. ५.२ सेकंद बाकी, ९५-९५. पंचांनी व्हिडिओवर पाय तपासले: रेषेमागे.

हे त्याने वर्षानुवर्षं घोटलं होतं. बास्केटखाली जमिनीवर आडवं व्हायचं, झटकन उठायचं, उलट्या पावलांनी कॉर्नर गाठायचा, पास घेऊन फेकायचं. बरोबरीनंतरच्या जादा वेळेत, ओव्हरटाइममध्ये, १.९ सेकंद उरले असताना दोन्ही फ्री थ्रो त्यानेच टाकले, मायामी १०३-१००ने पुढे.

प्रशिक्षकांनी मुलांकडून एका जागी उभं राहून शेकडो फेकी करून घेण्यापेक्षा हा सराव आधी चेंडूविना, मग पाससह, शेवटी अंगावर येणाऱ्या खेळाडूसह घ्यावा. मुलं हमखास रेषा बघायला मान खाली घालतात आणि पास हातातून निसटतो. म्हणून एकाने फक्त पावलांवर लक्ष ठेवावं; पाऊल रेषेवर पडलं, तर झालेली बास्केटही मोजू नये.

आपला,
एक बास्केटबॉल प्रशिक्षक