व्हॉयेजरचा भाग पुन्हा पाहताना

महोदय,

कार्ल सेगन यांच्या १९८० सालच्या ‘कॉसमॉस’ मालिकेतील व्हॉयेजर यानांच्या गुरूभेटीचा सहावा भाग परवा रात्री नातीला शेजारी घेऊन पुन्हा पाहिला. पृथ्वीबाहेरचे पहिले जागते ज्वालामुखी १९७९ मध्ये गुरूच्या आयो या चंद्रावर सापडले, हे कळताच तिने चित्र थांबवले आणि चंद्राच्या कडेवर उसळलेला फिकट पिसारा बोटाने दाखवत, ‘आजोबा, हाच का तो?’ असे विचारले. व्हॉयेजर-१ ने २०१२ मध्ये आंतरतारकीय अवकाशात प्रवेश केला, ही पुढची हकिगत अर्थातच मी सांगितली. डॉ. जयंत नारळीकर यांच्या या जन्मगावी, कोल्हापुरातील शाळांतून असे भाग मराठी निवेदनासह दाखवले जावेत, अशी कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक, कोल्हापूर