आप्पांच्या पलंगावरचा खंड्या

चिपळूण

प्रिय दिल्या,

पत्राला उशीर झाला म्हणून शिव्या घालणार असशील तर आधी पुरतं वाच. आई बरी, गुडघे तसेच. आप्पांची साखर वरखाली. डाव्या पायाची जखम भरत आलीय, आणि सगळा घोळ तिथूनच आहे.

आपला कुत्रा खंड्या आता आप्पांच्या पलंगावर झोपतो. पायथ्याशी. परवा आई रात्रीची गोळी द्यायला गेली तर तिच्यावर गुरगुरला. दादा लगेच ‘शेतावर नेऊन बांधा’वर आला. आप्पा म्हणाले, मग माझीही वळकटी तिकडेच टाका. आप्पांचं तुला माहीतच आहे. दादाला यातलं काही कळत नाही, तुला कळेल.

मला धास्ती आहे ती पायथ्याची. मधुमेहात तळपायाची जाणीव जाते. कुत्रा रात्रभर जखम चाटत बसला तरी आप्पांना पत्ता लागायचा नाही. चाटल्याने जखम भरते असं तुझी आजी सांगायची, आणि तू तिची बाजू घेऊन माझ्याशी भांडला होतास. त्या लाळेत पाश्चुरेला असतो, कॅप्नोसायटोफॅगा असतो (नाव खंड्याच्या शेपटीपेक्षा लांब). धडधाकट माणसाला सहसा काही होत नाही. पण मधुमेही, प्लीहा काढलेला, स्टेरॉइड चालू असलेला, अशांच्या रक्तात हे जंतू पसरू शकतात. म्हणून जखमेला पट्टी, वर सुती मोजा, आणि खंड्याची गोधडी कमरेपाशी, भिंतीच्या अंगाला. भिंतीच्याच अंगाला, कारण आप्पा रात्री लघवीला उठतात. उतरायच्या बाजूला अंधारात कुत्रा आडवा असला की खुब्याचं हाड गेलंच समज. झिरोचा बल्बही लावायला सांगितलाय. आणि गोळ्यांची पुडी उशाखाली नको: आप्पांची साखरेची गोळी, ग्लिमेपिराइड, खाली पडली आणि खंड्याने गिळली, तर त्याची साखर धडाधड उतरेल.

आता गुरगुरणं. नऊ वर्षांचा कुत्रा एकाएकी गुरगुरायला लागला की मी आधी दुखणं शोधतो: खुबा, पाठ, कान, दात. झोपेत दचकला असेल तर तेही बघावं लागतं. दादाने गळपट्टा धरून त्याला खाली ओढलं, तेवढं सोडून काहीही चाललं असतं. गुरगुरण्यावर मार दिला की कुत्रा गुरगुरायचं सोडतो आणि पुढच्या वेळी सूचना न देता चावतो. त्यापेक्षा दिवसा, भूक लागलेली असताना शिकवायचं. बिस्किटाचा तुकडा जमिनीवर टाकायचा, तो उतरत असतानाच ‘खाली’ म्हणायचं. मग गोधडीवर थाप मारून वर बोलवायचं. वर जे मिळेल त्यापेक्षा खाली जास्त चांगलं मिळालं पाहिजे. हे आईनेच करायचं, कारण भांडण तिच्याशी आहे. रात्री तिने दारातूनच नावाने हाक मारायची, तो उतरला की मग गोळी. बोलावल्याशिवाय वर चढायचं नाही, आणि तरीही गुरगुरला तर पलंग बंद, गोधडी खाली पलंगाशेजारी. यात मी आप्पांचंही ऐकणार नाही. (ऐकेन. पण तू दादाला सांगू नकोस.)

खुबा दुखत असेल तर अठरा इंचांच्या पलंगावरून उडी नको. नऊ इंचांची रुंद पायरी, वर खिळे न दिसता ठोकलेलं गोणपाट, म्हणजे पाय घसरत नाही. दुखतंय म्हणून घरातली आयब्रुफेन द्यायची नाही; कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, मूत्रपिंडं जातात.

गोचिडांचं तुला काय सांगू! दापोलीच्या खोलीत टिपूला गादीवर घेऊन तू आपल्या सगळ्यांना पिसवांना खाऊ घातलंस, आणि वर म्हणालास डास आहेत. तेव्हाही माझंच बरोबर होतं. तपकिरी गोचीड अंडी कुत्र्यावर घालत नाही, खाली उतरून भिंतीच्या फटीत, पलंगाच्या सांध्यात घालते. म्हणून नुसता कुत्रा धुऊन भागत नाही, सांधेही साफ करावे लागतात. कुत्र्याला गोचिडांसाठी द्यायची फ्लुरालनरची गोळी बारा आठवडे चालते, अफॉक्सोलनरची महिनाभर. पण दोन्हींत गोचीड चावल्यावर मरते, त्यामुळे बाहेरून घरात यायची ती येतेच. रोज संध्याकाळी बोटांच्या बेचक्या, कानाच्या आत, गळपट्ट्याखाली हात फिरवायचा. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, स्पिरिटमध्ये टाकायची. रॉकेल नको, नखाने चिरडणं तर नकोच. गोधडीचा खोळ आठवड्याला ६० अंशांच्या गरम पाण्यात.

जंताची गोळी दर तीन महिन्यांनी, दहा किलोला एक. खंड्या अठरा किलोचा, म्हणजे दोन. गोलजंताची अंडी ताज्या विष्ठेतून लगेच बाधत नाहीत, मातीत दोन-चार आठवडे मुरावी लागतात. अंगण रोज उचललं की अर्धी काळजी मिटते. रेबीजची लस वर्षाला, आणि आपल्याकडच्या पावसात लेप्टोची (उंदरांच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात पसरणारा ताप) चुकवायची नाही. २०२१च्या पुरानंतर तर लोकांना समजवावंही लागत नाही. तरी लस सगळ्याच प्रकारांना पुरत नाही, म्हणून चिखलातून आला की पाय आणि पोट पुसून, वाळवून मगच वर.

दादाला दाखवायला एक आकडा ठेवलाय. मेयो क्लिनिकने २०१७ साली ४० माणसांची झोप मोजली: कुत्रा खोलीत असताना झोपेची कार्यक्षमता (अंथरुणातल्या वेळेपैकी खरी झोप) ८३ टक्के, पलंगावर असताना ८० टक्के. तीन टक्क्यांसाठी शेतावर? आप्पा तर दुपारी ते भरून काढतात.

तुझं काय? वहिनींची बदली झाली की नाही? चिनूचा दहावीचा निकाल कळव. घराचा हप्ता वगैरे भेटल्यावर बोलू. गणपतीला येताना पुण्याहून फ्लुरालनरची गोळी आण, वजनपट्टा १० ते २० किलोचा बघून. पैसे देईन, मागच्यासारखं करणार नाही.

तुझा,
नंदू