लवंगेच्या रेणूतला तो एक हायड्रोजन

दांडिया बाजार, बडोदा

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

मुक्त मूलकांचं (जोडीविना सुटा इलेक्ट्रॉन असलेल्या रेणूंचं) गणित संगणकावर कसं मांडायचं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे आलेला आकडा कसा तपासायचा, हे तुम्ही आमच्या गटाला शिकवलंत. त्याबद्दल मनापासून आभार. पत्र जाहीर लिहितोय, कारण तुमच्या सूचना बडोद्यातल्या इतर विद्यार्थ्यांच्याही कामाला येतील.

शेंगदाण्याचं तेल खवट होतं ते याच मूलकांमुळे. त्यातल्या लिनोलेइक आम्लात दोन दुहेरी बंधांच्या मधल्या कार्बनवरचा हायड्रोजन मोलमागे साधारण 76 किलोकॅलरीत सुटतो. साध्या साखळीतल्याला 98 च्या आसपास लागतात. रिकाम्या जागी ऑक्सिजन येऊन बसतो आणि तयार झालेलं पेरॉक्सिल मूलक शेजारच्या रेणूचा हायड्रोजन ओढतं. लवंगेतलं युजेनॉल आपल्या ओ-एच गटातला (ऑक्सिजनला जोडलेला) हायड्रोजन पुढे करून ही साखळी तोडतं. तो किती सहज सुटतो, हेच मोजायचं होतं.

हिशेब दिसायला सोपा: मूलकाची एन्थाल्पी (उष्णतेचा वाटा धरलेली ऊर्जा) अधिक हायड्रोजन अणूची, वजा मूळ रेणूची. मूळ युजेनॉलमध्ये 88 इलेक्ट्रॉन, सगळे जोडीत, म्हणून मल्टिप्लिसिटी (सुट्या इलेक्ट्रॉनांची संख्या अधिक एक) 1. मूलकात 87, म्हणून 2. इथे चुकलं तर प्रोग्राम लगेच अडतो. खरा धोका न अडणाऱ्या चुकांचा.

त्यातली पहिली स्पिनच्या भेसळीची, म्हणजे गणितात नको त्या स्पिन-अवस्था मिसळण्याची. एका सुट्या इलेक्ट्रॉनला एस-स्क्वेअर (एकूण स्पिनचं माप) 0.75 यायला हवा. आउटपुटमध्ये दुरुस्तीआधीचा आणि नंतरचा असे दोन आकडे छापतात. नंतरचा बहुतेक वेळा छानच दिसतो. तुम्ही आधीचा वाचायची सवय लावलीत. बी3एलवायपी या गणनापद्धतीने तो 0.76 ते 0.79 मध्ये राहिला तर पुढे जायचं. हार्ट्री-फॉक या दुसऱ्या पद्धतीने फिनॉक्सिलसारख्या (फिनॉलचा ओ-एच हायड्रोजन गेल्यावर उरणाऱ्या) मूलकात तो बराच वर जातो, आणि मग ती ऊर्जा बंधाच्या हिशेबात धरायची नाही.

हायड्रोजन अणूचंही तसंच. त्याची अचूक ऊर्जा उणे 0.5 हार्ट्री (अणूंच्या गणितातलं ऊर्जेचं एकक), पण मोठ्या बेसिस सेटवर (इलेक्ट्रॉनचं वर्णन करणाऱ्या गणिती फलनांच्या संचावर) बी3एलवायपी उणे 0.502 देतं. एवढ्याशा फरकाने उत्तर सुमारे 1.4 किलोकॅलरीने खाली येतं. म्हणून अचूक ऊर्जेत तापमानाचा वाटा मिळवून 298 केल्विनला सरळ उणे 0.49764 घ्यायचं, हे तुमचं सांगणं आता आमच्या प्रत्येक गणितात आहे.

सगळ्यात मोलाची गोष्ट मात्र रेणूच्या ठेवणीची. युजेनॉलचा ओ-एच शेजारच्या मेथॉक्सी गटाकडे (मिथाइल जोडलेल्या ऑक्सिजनकडे) वळला की आतल्या आत हायड्रोजन बंध जुळतो आणि रेणू चार-पाच किलोकॅलरीने खाली बसतो. तोच ओ-एच उलट्या दिशेला ठेवून गणित केलं तर मूळ रेणू उगाच वर राहतो आणि बंध आहे त्यापेक्षा कमकुवत दिसतो. एस-स्क्वेअर बरोबर, एकही काल्पनिक कंपन (रेणू ऊर्जेच्या खळग्यात नसल्याची खूण) नाही, कारण ती ठेवणसुद्धा एक खळगाच असते. चूक पकडायची तर दोन्ही ठेवणी चालवूनच पाहाव्या लागतात. मेथॉक्सीच्या मिथाइलचं फिरणं कधी एखादं छोटं काल्पनिक कंपन दाखवतं. त्या दिशेने अणू जरासे हलवून, गणनेची जाळी (ग्रिड) बारीक करून पुन्हा चालवलं की ते बहुधा जातं.

प्रयोगशाळेतल्या डीपीपीएच (एक स्थिर, जांभळं मूलक) चाचणीशी आकडे लगेच जुळवू नका, असंही तुम्ही बजावलंत. जांभळा रंग 517 नॅनोमीटरवर किती उतरला ते 30 मिनिटांनी वाचायची पद्धत आहे. पण बीएचटी या कृत्रिम अँटिऑक्सिडंटच्या ओ-एचला दोन्ही बाजूंनी टर्शरी ब्यूटिल गटांची दाटी, डीपीपीएचही तसंच अवजड. बंध कमकुवत असूनही विक्रिया रेंगाळते. शिवाय द्रावक म्हणून वापरलेलं मेथनॉल ओ-एचला धरून ठेवतं, आणि काही फिनॉल तिथे आधी प्रोटॉन सोडून मग इलेक्ट्रॉन देतात. त्या वाटेला बंधाची ताकद एकटी पुरत नाही.

नव्या मुलांसाठी या सगळ्याची टिपणवही केली आहे. पहिल्याच पानावर तुम्ही पेन्सिलने काढून दिलेली युजेनॉलची दोन चित्रं शेजारीशेजारी चिकटवली आहेत: एकात ओ-एच मेथॉक्सीकडे, दुसऱ्यात पाठ फिरवलेला.

आपले कृतज्ञ,
बडोद्याचा अभ्यासगट