क्रँक सेन्सरचं काम शिकवणाऱ्या मेस्त्री मामांना

मेस्त्री मामा,
सप्रेम नमस्कार.

बेळगावच्या उद्यमबागेतलं तुमचं काम बाजूला ठेवून तुम्ही खानापूरला आलात आणि गॅरेजातल्या पोरांना क्रँक सेन्सर (इंजिनचा मुख्य दांडा फिरतोय हे कळवणारा सेन्सर) बदलायचं काम नीट समजावून दिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. चोर्ला घाटातून भाडी मारणाऱ्यांना आणि त्यांच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्यांनाही हे उपयोगी पडेल, म्हणून पत्र सगळ्यांसाठी उघडं ठेवतोय.

सगळ्यात मोठे आभार आहेत ते पाना हातात घेण्याआधीच्या तपासणीचे. गाडी तापली की बंद पडते, थोडी निवली की पुन्हा सुरू होते, असं गिऱ्हाईक सांगतं, आणि आपल्या भागात आधी फ्युएल पंप बदलला जातो, मग कॉइल, मग प्लग. पैसे जातात, आणि जांबोटीच्या पुढे गाडी पुन्हा उभी. तुम्ही स्कॅनर लावून, स्टार्टर मारताना आरपीएम (मिनिटाला फेरे) बघायला लावलंत. इंजिन फिरत असताना दीडशे-दोनशे तरी दिसायला हवेत. तिथे शून्य असेल तर ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) इंजिन फिरतंय हेच कळत नाही, मग तो ठिणगीही देत नाही आणि इंजेक्टरही उघडत नाही. स्कॅनरवर येणारा पी०३३५ हा बिघाडाचा कोड सर्किटचा आहे, एकट्या सेन्सरचा नाही, हे तुम्ही पोरांकडून वदवून घेतलंत ते फार बरं केलंत. उंदराने कुरतडलेली वायर किंवा पाणी शिरून हिरवं पडलेलं कपलर (वायर जोडायचं सॉकेट) असलं तरी तोच कोड येतो. आपल्याकडच्या पावसात आणि तांबड्या चिखलात कपलर आधी बघायचं.

तापल्यावरच का बंद पडते, याचं उत्तरही पोरांना पटलं. दोन वायरींच्या सेन्सरमध्ये केसाएवढ्या तांब्याच्या तारेची गुंडाळी असते. ती आत कुठे तडकली की उष्णतेने टोकं सुटतात आणि थंड झाल्यावर पुन्हा टेकतात. म्हणून थंड सेन्सरवर मीटर लावून ‘रीडिंग बरोबर आहे’ म्हणण्यात अर्थ नाही. गाडी बंद पडल्या पडल्या मोजायचं. बऱ्याच गाड्यांत काहीशे ते हजारभर ओहम मिळतात, पण खरा आकडा त्या इंजिनच्या मॅन्युअलमधलाच. तीन वायरींचा हॉल सेन्सर (गुंडाळीऐवजी इलेक्ट्रॉनिक चिपवर चालणारा) असेल तर ओहमने तपासायचाच नाही. कपलरवर सप्लाय आणि अर्थ मिळतोय का ते बघायचं, मग सिग्नल.

आता सेन्सर धरून ठेवणाऱ्या त्या बोल्टबद्दल. आडव्या इंजिनच्या गाडीत सेन्सर मागच्या बाजूला, स्टार्टरच्या वर, बेल हाउसिंगला (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या घराला) बसलेला. वरून हात जातो पण नजर जात नाही, खालून नजर जाते पण हात जात नाही. तुम्ही आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढलंत, कारण स्टार्टरच्या जाड वायरीला किल्ली बंद असतानाही करंट असतो आणि पाना तिथे टेकला तर ठिणगीच. मग गाडी स्टँडवर घेऊन खालचं कव्हर काढलं आणि स्टार्टर सोडवून बाजूला केला. स्टार्टर न काढता बोटं घालून झटापट करण्यापेक्षा हे लवकर होतं, हे सगळ्यांनी पाहिलं. पाव इंची रॅचेट, लांब एक्स्टेन्शन, युनिव्हर्सल जॉइंट आणि १० चं सॉकेट, एवढ्यावर बोल्ट निघाला. सॉकेटमध्ये ग्रीसचा ठिपका लावल्याने बोल्ट त्यालाच चिकटून बाहेर आला. स्टार्टरच्या भोकात फडकं कोंबायला लावलंत, ती गोष्ट आता आमच्याकडे नियम झाली आहे: बोल्ट बेल हाउसिंगमध्ये पडला तर गिअरबॉक्स उतरवण्याची पाळी येऊ शकते.

सेन्सर चिकटला होता तरी तुम्ही स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटला नाहीत. गंज सोडवायचं तेल मारून थांबलात, मग डावी-उजवीकडे थोडा थोडा फिरवत बाहेर घेतलात. प्लास्टिक मोडून तुकडा आत राहिला तर काम दुप्पट होतं. टोकाच्या चुंबकाला लोखंडाचा बारीक कीस लागलेला तुम्ही पोरांच्या बोटाला लावून दाखवलात. क्लच किंवा रिंग गिअर (स्टार्टर ज्याला फिरवतो ती दातेरी कडी) झिजतोय का ते बघा, असं तो कीसच सांगतो.

बसवताना बैठक फक्त कापडाने पुसायची, पॉलिश पेपर नाही, कारण ॲल्युमिनियम खाल्लं जातं. खाली कचरा राहिला तर सेन्सर उचलला जातो, ज्या फिरत्या दातेरी चाकावरून तो सिग्नल घेतो त्याच्या दातांपासूनचं अंतर वाढतं आणि सिग्नल कमजोर होतो. ते अंतर जेमतेम मिलिमीटरभर असतं. ओ-रिंगला (सेन्सरच्या रबरी कडीला) इंजिन ऑइलचं बोट, सिलिकॉन अजिबात नाही. बोल्ट आधी हातानेच दोन-तीन आटे फिरवायचा, मग पाना. ६ मिलिमीटरच्या बोल्टला साधारण ८ ते १० न्यूटन मीटर पुरतात. जोर लावला की ॲल्युमिनियममधले आटे गेले. वायर मूळच्या क्लिपांतूनच न्यायची, सायलेन्सरच्या पाइपाला टेकता कामा नये. शेवटी कोड पुसून गाडी पुरती तापवायची, बंद करून लगेच स्टार्टर मारायचा. काही गाड्यांत स्कॅनरने ईसीयूला नव्या क्रँक सेन्सरचा सिग्नल शिकवून द्यावा लागतो, तेही तुम्ही करून दाखवलंत.

घाटात इंजिन बंद पडलं तर स्टीअरिंग जड होतं, आणि एक-दोनदा दाबल्यावर ब्रेकही दगडासारखा होतो. कणकुंबीच्या धुक्यात उतारावर हे झालं तर काय, हे आम्ही सगळे जाणतो. या कामाची तुमची काळजी आम्हाला म्हणूनच एवढी मोलाची वाटते.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे गॅरेजात आता ओ-रिंगांचा डबा आणि एक चुंबकाची कांडी ठेवली आहे. तीन वायरींच्या सेन्सरचा सिग्नल स्कोपवर (सिग्नलची लाट दाखवणाऱ्या यंत्रावर) कसा वाचायचा, ते राहिलंय. पाऊस ओसरला की पोरांना घेऊन उद्यमबागेत येऊ का? तुम्हाला सोयीचा वार कळवा.

तुमचे,
खानापूरचे गॅरेजवाले आणि गाडीवाले